कुणावर गेलाय?

बाळ जन्मलं की आपल्याकडे वाटणी सुरू होते. नाक आजोबांचं, कपाळ आत्याचं, जिवणी थेट आईची. रंगाचं अजून सांगता येत नाही, कानाच्या पाळ्या बघा, तोच खरा रंग. २०११ च्या जुलैत माझा मुलगा झाला, तेव्हा कोल्हापुरातल्या त्या खोलीत ही वाटणी चांगली रंगात आली होती. सासूबाई होत्या, वन्सं होत्या, दोघी चुलतसासवा होत्या. मग कुणीतरी दुपटं सोडलं. दोन्ही पावलं आत वळलेली, टाचा वर ओढलेल्या, आणि नमस्काराला हात जोडावेत तसे तळवे एकमेकांसमोर आलेले. बोलणं थांबलं. बाहेर पाऊस लागला होता, तेवढाच आवाज राहिला. पावलं कुणावर गेलीत हे कुणी विचारलं नाही. चौघींची नजर चादरीबाहेर राहिलेल्या माझ्या उजव्या पायाकडे गेली होती.

माझा उजवा पाय डाव्यापेक्षा लहान आहे. पोटरी बारीक, घोटा जेमतेम वाकणारा, आतल्या बाजूनं टाचेपर्यंत गेलेला टाक्यांचा व्रण. बूट घ्यायचे तर दोन मापांचे दोन जोड घ्यावे लागतात. डॉक्टर याला क्लबफूट म्हणतात. आपल्याकडे ‘वाकडा पाय’ म्हणतात आणि पुढचं बोलत नाहीत.

बराच वेळानं सासूबाई एवढंच म्हणाल्या, “आम्हाला तर लहानपणी पडली म्हणून सांगितलं होतं.”

खरं होतं ते. मला बघायला आले तेव्हा बाबांनी तसंच सांगितलं होतं, आणि मी समोर चहाचा ट्रे घेऊन उभी होते. मी काही बोलले नाही. सासूबाईंचा राग मला पुष्कळ दिवस जाचला, पण तो खोटा होता असं मी कधीही म्हणणार नाही.

बाबांना ते वाक्य सुचवावं लागलं नव्हतं, ते घरात तयारच होतं. त्यांच्या आत्याबद्दल, म्हणजे आमच्या आत्याआजीबद्दल, हेच सांगत आले होते. ती विहिरीच्या पायरीवरून पडली होती, म्हणे. नऊवारीच्या घोळात तिचा पाय कधी नीट दिसायचा नाही, पण अंगणातल्या शेणसारवणावर ती चालून गेली की एका पावलाचा ठसा वेगळा उमटायचा. टाच नाही, अंगठा नाही, फक्त बाहेरची कड. तिचं लग्न झालं नाही. कुणी विचारलं तर पडण्याची गोष्ट सांगायची, की विषय संपायचा. पडणं कुणाच्याही नशिबी येऊ शकतं. रक्तातलं काही असेल, तर मात्र घरातल्या सगळ्याच मुलींची स्थळं अडतात. त्या भीतीपोटी एक बाई जन्मभर विहिरीवरून पडलेली राहिली.

माझ्या वेळी पडण्याची गोष्ट लगेच चालली नसती, कारण मी जन्मलेच तशी. तेव्हा ग्रहण कामाला आलं. १६ फेब्रुवारी १९८०, माघी अमावास्या, शनिवार. कारवार-हुबळीकडे खग्रास, आमच्याकडे खंडग्रास, तरी दुपारी सूर्याचा बराचसा भाग झाकला गेला होता. आईला पाचवा महिना. तिनं ग्रहण पाळलं: चिरलं नाही, शिवलं नाही, पाण्याचा थेंब घेतला नाही, पाय लांब करून एका जागी बसून राहिली. जुलैत माझा पाय बघून सगळ्यांचं एकमत झालं, की तिनं कधीतरी पाय दुमडला असणार. ‘नाही’ म्हणायची सोय नव्हती. पाय समोर दिसत होता, तोच पुरावा. न्हाऊ घालणाऱ्या बाईनं तीन महिने तेल लावून ओढून बघितला, मग शहरातल्या दवाखान्यात प्लास्टरं झाली, आणि दीड वर्षाची असताना मोठं ऑपरेशन. आई अजून सांगते, त्या सगळ्या दिवसांत ती मनातल्या मनात ती दुपार पुन्हा पुन्हा तपासत राहायची. हललो होतो का आपण? झोप लागली होती का?

मुलगा झाल्यावर मी वाचायला लागले, आणि एका जागी माझ्या पोटात गोळा आला. या आजारावरच्या उपचाराला ज्यांचं नाव आहे त्या इग्नासिओ पोन्सेटींचं म्हणणं असं, की पाऊल सुरुवातीला सरळ घडत असतं आणि दुसऱ्या तिमाहीत वळायला लागतं. सोळाव्या आठवड्याआधी ते सोनोग्राफीत क्वचितच दिसतं. म्हणजे पाचवा महिना जुळत होता! क्षणभर मला वाटलं, त्या बायकांचं काही खरं तर नसेल? मग हवाई बेटांचे आकडे वाचले आणि मनातलं उरलंसुरलं ग्रहण सुटलं. तिथल्या मूळ रहिवाशांत हजार जन्मांमागे सहा-सात बाळांची पावलं अशी असतात, गोऱ्यांत एकाच्या आसपास, आणि चिनी-जपानी वंशाच्या लोकांत त्याहूनही कमी. बेटं तीच, समुद्र तोच, सूर्यही तोच. ग्रहण लागलं तर सगळ्यांना सारखंच दिसणार. फरक होता तो पूर्वजांचा.

मी ते आईला फोन करून वाचून दाखवलं. ती म्हणाली, “बरं झालं सांगितलंस,” आणि लगेच नातवाचं प्लास्टर कधी बदलणार ते विचारलं.

त्या प्लास्टरांबद्दल लिहायलाच हवं, कारण माझ्या पायात आणि माझ्या मुलाच्या पायात जो फरक आहे तो त्यांनी घडवला. पोन्सेटी स्पेनच्या मिनोर्का बेटावर १९१४ साली जन्मले, घड्याळजीचा मुलगा. यादवी युद्धात जखमींवर उपचार केले, पराभवानंतर देश सोडला, फ्रान्स आणि मेक्सिकोमार्गे १९४१ साली अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात पोचले. तिथं लहानपणी ऑपरेशन झालेल्या क्लबफूटच्या रुग्णांचे पाय पुढे कडक आणि दुखरे होतात, हे त्यांनी पाहिलं. (माझा पाय सांगेल ते. पस्तिशीनंतर सकाळची पहिली दहा पावलं मी भिंत धरून टाकते.) मग कापाकापी टाळून हातानं हळूहळू वळवण्याची पद्धत त्यांनी बसवली. तान्ह्या बाळाच्या पावलातली हाडं बरीचशी कूर्चाच असतात, अस्थिबंध ताणले तर ऐकतात. एक अंगठा घोट्यापुढच्या हाडाच्या माथ्यावर टेकवायचा आणि पाऊल त्याच्याभोवती बाहेर फिरवत न्यायचं, जोर न लावता. मग मांडीपर्यंत प्लास्टर. आठवड्यानं ते काढायचं, पाऊल आणखी थोडं फिरवायचं, पुन्हा प्लास्टर. साधारण पाच ते सात वेळा. बहुतेक बाळांची टाच तरीही वर राहते, तेव्हा टाचेमागची दोरी बारीकशा छेदातून कापतात आणि शेवटचं प्लास्टर तीन आठवडे ठेवतात. तेवढ्यात ती दोरी लांब होऊन पुन्हा जुळून येते.

माझ्या मुलाला सहा प्लास्टरं लागली. आदल्या रात्री टबमध्ये कोमट पाणी घेऊन प्लास्टर भिजवायचं, टोक सापडलं की उलगडत जायचं. उलगडलेली पट्टी हातात यायची आणि आत त्याचं पाऊल, सुरकुतलेलं, पांढरट, मागच्या आठवड्यापेक्षा थोडं सरळ. सहा आठवड्यांत सहा वेगवेगळी पावलं बघितली मी. प्लास्टर असलेलं बाळ अंगावर पाजताना जड लागतं, गुडघा वाकलेला असल्यामुळे कुशीत नीट बसत नाही, आणि दुपटं वरपर्यंत ओढून घ्यायचा हात आपोआप पुढे जातो. बारशाला मी तो हात आवरला. प्लास्टर उघडं ठेवूनच पाळण्यात घातलं. ‘मुलाचे पाय पाळण्यात दिसतात’ ही म्हण त्या दिवशी कुणी उच्चारली नाही, पण ती खोलीभर होती.

प्लास्टरनंतर बूट आणि त्यांना जोडणारी आडवी पट्टी. पहिले तीन महिने दिवसाचे तेवीस तास, मग रात्री आणि दुपारच्या झोपेत, चार वर्षांचा होईपर्यंत. खरी परीक्षा इथं असते. पाऊल सरळ दिसायला लागलं की घरातलेच म्हणतात, पुरे आता, किती छळता लेकराला. आणि पट्टी सुटली की पाऊल परत वळतं. ते परतणं अंगात असतंच, म्हणून पट्टी असते. या चार वर्षांत मला सगळ्यात मोठी साथ कुणाची झाली, तर सासूबाईंची. मी शाळेत शिकवायला जायचे तेव्हा दुपारी त्याच झोपवायच्या, आणि बूट घातल्याशिवाय एकदाही झोपवलं नाही. त्या माझ्यावर रागावलेल्या होत्या. नातवावर नव्हत्या.

मूल दोन वर्षांचं झालं तेव्हा दुसऱ्याचा विचार निघाला आणि आम्ही पुण्याच्या एका डॉक्टरबाईंकडे गेलो, आनुवंशिकतेबद्दल विचारायला. त्यांनी कोरा कागद घेतला. पुरुषासाठी चौकोन, बाईसाठी वर्तुळ, ज्याचं पाऊल असं आहे त्याचा आकार काळा भरायचा. माझं वर्तुळ काळं झालं, मुलाचा चौकोन काळा झाला. “अजून कुणी?” त्यांनी विचारलं. मी आत्याआजीचं विहिरीवरून पडणं सांगायला सुरुवात केली आणि मध्येच थांबले. मग म्हणाले, “आहे. वडिलांची आत्या.” त्यांनी वर एक वर्तुळ काढलं आणि भरलं. आमच्या घराण्याचा छापील कुलवृत्तांत आहे, आठ पिढ्यांचा. त्यात आत्याआजीची नोंद नाही, मुलींची कुणाचीच नाही. त्या कागदावर मात्र तिच्यावाचून पुढचं काही जुळत नव्हतं. तिच्यापासून निघालेली रेघ माझ्या आजोबांकडे, त्यांच्याकडून बाबांकडे, दोन रिकाम्या चौकोनांतून खाली माझ्यापर्यंत आली.

“पण बाबांचे पाय तर सरळ आहेत,” मी म्हणाले.

तेव्हा त्यांनी जे समजावलं, ते मी माझ्या भाषेत सांगते. मटाराच्या रंगासारखा हा एका जनुकाचा खेळ बहुतेक घरांत नसतो. छोटे छोटे अनेक वारसे एकत्र येतात, त्यांत गर्भाशयातल्या परिस्थितीची भर पडते, आणि एका पातळीच्या वर गेलं की पाऊल वळतं. आम्हा कोल्हापूरकरांना हे राधानगरीवरून चटकन कळावं. धरण भरत असतं तेव्हा बाहेरून काही दिसत नाही. पाणी ठरलेल्या पातळीला आलं की स्वयंचलित दरवाजा आपला आपण उघडतो. बाबांच्या धरणात पाणी होतं, दरवाजा उघडला नव्हता. शिवाय मुलींचा दरवाजा जास्त उंचीवर बसवलेला असतो. म्हणून दर दोन मुलांमागे एकाच मुलीला हा त्रास दिसतो. आणि म्हणूनच ज्या बाईचा दरवाजा उघडला, तिच्यामागे पाणी जास्त असतं. तिच्याकडून पुढे जाण्याची शक्यता पुरुषापेक्षा अधिक. याला शास्त्रात नाव आहे, कार्टर परिणाम.

म्हणजे सासूबाईंची नजर खरी होती. मुलाला ते माझ्याकडून आलं होतं, आणि मी बाई असल्यामुळे जरा जास्तच. मी तिथं बसून रडले. डॉक्टरबाईंनी रडू दिलं आणि मग एक प्रश्न विचारला, “त्याचं नाक कुणाचं आहे?” “माझं,” मी म्हणाले. “त्याबद्दल कुणाची माफी मागितलीत?”

आकडे त्यांनी स्वच्छ सांगितले. दर हजार जन्मांत साधारण एक बाळ. आईवडिलांना काही नाही आणि एका मुलाला आहे, तर पुढच्या भावंडाला शंभरात दोन ते चार. आमच्यासारखं, म्हणजे एका पालकालाही आहे आणि एका मुलालाही आहे, तर मात्र चारात एकापर्यंत. चारात एक. परतीच्या एसटीत नवरा आणि मी कराडपर्यंत एकमेकांशी बोललो नाही.

त्या दिवसांत मी निदान एकाचं तरी पाऊल वळलेल्या जुळ्यांचा अभ्यास वाचला. १९३९ साली जर्मनीत प्रसिद्ध झालेला. एकाच बीजातून झालेल्या जुळ्यांच्या ४० जोड्यांपैकी १३ जोड्यांत दोघांची पावलं वळलेली होती. वेगळ्या बीजांच्या १३४ जोड्यांपैकी फक्त ४ जोड्यांत. एवढा फरक म्हटल्यावर वारसा आहे, यात शंका उरत नाही. पण मी त्या साल आणि देशाच्या नावाशी अडकले. त्याच देशात १९३३ साली सक्तीच्या नसबंदीचा कायदा झाला होता आणि त्याच्या यादीत ‘गंभीर आनुवंशिक शारीरिक व्यंग’ होतं. ‘रक्तात आहे’ हे वाक्य आपल्याकडे स्थळ मोडतं. तिथं त्या वाक्यावर माणसांना शस्त्रक्रियेच्या टेबलावर झोपवत होते. आणि त्याच मातीत, त्याच काळात कुणीतरी मोजलेले आकडे काय सांगत होते? ४० पैकी २७ जोड्यांत एकाचं पाऊल वळलं आणि दुसऱ्याचं सरळ राहिलं. जनुकं तीच, गर्भाशय तेच, आई तीच. रक्तात सगळं लिहिलेलं असतं तर हे २७ जण कुठून आले? डेन्मार्कमधल्या पुढच्या एका अभ्यासात एकसारख्या जुळ्यांत दोघांचीही पावलं वळलेली असण्याचं प्रमाण जर्मनीतल्याहूनही कमी, शंभरात सतराच निघालं.

काही घरांत अपवादानं एकच जनुक मोठं काम करतं. २००८ साली अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या संशोधकांना अनेक पिढ्यांच्या एका कुटुंबात असा बदल सापडला, पिट्क्स-१ नावाच्या जनुकात. हे जनुक गर्भात पाय हा पाय व्हावा यासाठी झटतं. कोंबडीच्या गर्भात ते पंखाच्या जागी चालू केलं, तर पंख पायासारखा घडायला लागतो. मात्र त्या कुटुंबातही, तो बदल अंगात असून पावलं सरळ असलेली माणसं होतीच. परिस्थितीचा वाटाही मोजला गेलाय: अमेरिकेतल्या एका अभ्यासात घरात इतिहास असेल तर धोका साडेसहा पट दिसला, आणि त्यात आई गरोदरपणी सिगारेट ओढत असेल तर वीस पट. दोन्ही एकत्र आले की बेरीज होत नाही, त्याहून मोठं काही होतं.

आम्ही दुसरं मूल होऊ दिलं. हे दोन शब्दांत लिहिलं तरी त्याला दीड वर्ष लागलं. विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीआधी नात्यातल्या एका बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, “दिसलं तर काढून टाकता येतं ना?” त्यांचा हेतू वाईट नव्हता, एवढं मला तेव्हाही कळत होतं. पण मी हलले. मी त्यांच्यासमोर उभी होते, पंचवीस वर्षं शाळेच्या आणि एसटीच्या पायऱ्या चढलेली बाई, आणि त्या मला विचारत होत्या की माझ्यासारखं कुणी दिसलं तर काढता येईल का. मला इथं स्पष्ट लिहायचंय. पावलाबरोबर मणक्याचा किंवा इतर काही दोष आहे का ते तपासायलाच हवं, काही बाळांत तो असतो आणि तिथला विचार वेगळा. पण नुसतं पाऊल वळलेलं असेल, तर ते सहा-सात प्लास्टरांचं आणि चार वर्षांच्या बुटांचं काम आहे. त्यासाठी आईला आधी कळलं तर एवढाच उपयोग, की जन्मल्यावर तीन महिने तेल लावण्यात जात नाहीत.

सोनोग्राफीच्या पडद्यावर काय बघायचं ते मी शिकून गेले होते. नडगीची दोन्ही हाडं आणि अख्खा तळवा एकाच चित्रात समोर आला, तर पाऊल वळलेलं. हाडं दिसली आणि पाऊल कडेनं दिसलं, तर सरळ. डॉक्टर काही बोलायच्या आत मी दोन्ही पावलं कडेनं पाहिली. २०१५ मध्ये मुलगी झाली, सरळ पावलांची. तिच्यात काहीच उतरलं नाही असा याचा अर्थ नाही. तिचा दरवाजा उंचावर आहे, मागे पाणी किती आहे ते कुणाला माहीत. ती मोठी झाली की तिला आणि तिचं ज्याच्याशी जमेल त्याला मी स्वतः सांगणार आहे. पडली वगैरे काही नाही.

आता शासनाच्या बालस्वास्थ्य कार्यक्रमात ही पावलं जन्मतःच तपासायच्या यादीत आहेत. २०१३ साली त्या कार्यक्रमाची सुरुवात देशात आपल्या पालघरमधूनच झाली. आशाताई घरी येऊन बाळाचं दुपटं सोडायला सांगते. आमच्या शेजारच्या वाडीत गेल्या वर्षी एका आजीनं तिला “थंडी आहे” म्हणून सोडू दिलं नाही. आशाताई मला घेऊन दुसऱ्यांदा गेली. मी काही समजावलं नाही. फक्त चप्पल काढून माझा पाय दाखवला आणि फोनवर मुलाचा फुटबॉल खेळतानाचा व्हिडिओ लावला. सून आत गेली आणि बाळाला घेऊन आली.

मुलगा आता नववीत आहे. विज्ञानात आनुवंशिकतेचा धडा आला, तेव्हा त्यानं वहीत घरातल्यांचे चौकोन-वर्तुळं काढायला घेतली. डॉक्टरबाईंचा तो कागद मी कपाटातून काढून दिला. त्यावर बघून त्यानं वर आत्याआजीचं वर्तुळ काढलं आणि विचारलं, “हिचं नाव काय?”

मला माहीत नव्हतं. आम्ही सगळे तिला आत्याआजीच म्हणायचो. मी आईला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. आईनं नाव सांगितलं. मग थोडं थांबून म्हणाली, “अगं, ग्रहणाच्या दिवशी तीच बसली होती माझ्यापाशी. माझे दोन्ही पाय मांडीवर घेऊन, ग्रहण सुटेपर्यंत. तू झालीस तेव्हा सगळे मला बोलत होते, तेव्हा ती रात्री माझ्या खोलीत आली. म्हणाली, सूनबाई, तू पाय हलवला नव्हतास, मी धरले होते. हे माझं आलंय पोरीला.”

“मग तू हे कुणाला सांगितलं का नाहीस, आई?”

“तिनंच शपथ घातली होती,” आई म्हणाली. “तुझ्या लग्नात अडचण नको म्हणून.”

मुलगा पेन्सिल धरून थांबला होता. त्यानं विचारलं, “आज्जी, कुठला पाय होता तिचा?”

“उजवा,” आई म्हणाली.

त्यानं वर्तुळाखाली तिचं नाव लिहिलं, आणि कडेच्या बाहेर जाणार नाही अशा बेतानं ते काळं करायला लागला.